न पडलेला कौल

त्या दिवसांत माझा देवावर विश्वास होता, पण भरवसा नव्हता. विश्वास म्हणजे देव आहे असं मानणं. भरवसा म्हणजे त्याच्याकडे ठेवायला दिलेली वस्तू दर पाच मिनिटांनी उचलून न बघणं. हा फरक माझ्या टाळक्यात शिरायला एक अख्खं युद्ध लागलं आणि यांच्या रक्ताचे चार रिपोर्ट. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. आज ब्याऐंशीव्या वर्षी त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिची कीव येते, थोडी मायाही वाटते, आणि हसू तर आवरतच नाही. फार शहाणी समजत असे स्वतःला. तांदळात एक किडा दिसला की अख्खा डबा उन्हात उपडा करणारी. तिचीच ही हकिगत आहे.

रियाधला अल मलाझमध्ये आमचं भाड्याचं घर होतं. हे अल खर्जच्या एका दुग्धशाळेत कूलिंगचे इंजिनियर. दूध थंड राहिलं की यांचा दिवस बरा गेला. मुलगी पुण्याला शिकत होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. युद्धाच्या आदल्या हिवाळ्यात यांची लघवी अडायला लागली. प्रोस्टेट वाढलंय म्हणून ऑपरेशन झालं, आणि खरवडून काढलेले तुकडे तपासायला गेले, त्यांतल्या एका कोपऱ्यात कॅन्सर सापडला. आमचे डॉक्टर नागपूरचे. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "वहिनी, हा अगदी बारीक आहे आणि संथ जातीचा दिसतो. असा कित्येकांच्या अंगात पडून राहतो आणि माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने जातो. दर तीन महिन्यांनी रक्त तपासू. त्यात पीएसए म्हणून एक आकडा येतो, आत काय चाललंय त्याची चाहूल देणारा. तो चढतच राहिला तर उपचार सुरू करू. आजच केले तर रोगापेक्षा उपचारच जड जातील." यांनी मान हलवली, जणू दुधाच्या टाकीचं तापमान ऐकत होते. मी मात्र तिथेच फणकारले, "कॅन्सर म्हणता आणि वर थांबा म्हणता? साप घरात शिरलाय आणि तुम्ही त्याची लांबी मोजत बसणार?" डॉक्टर हसले. म्हणाले, "वहिनी, साप झोपलाय. काठी आपल्या हातात आहेच." मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

यांच्यावर आणि डॉक्टरांवर माझं काही चालेना, तेव्हा मी वरच्या कचेरीत जायचं ठरवलं. आमच्या कोकणातल्या गावी, देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, भावकीचा तंटा, सगळं त्याच्यावर ठरतं. रियाधला देऊळ कुठलं असणार! तिथे आपले देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, डाळ-तांदळाच्या डब्यांच्या मागे बसायचे, आणि आपण मीठ घ्यायला गेल्यासारखं करून नमस्कार करायचा. माझ्या कपाटात गावच्या देवळाच्या आवारातला एक गुळगुळीत काळा दगड होता, मुठीत मावेल एवढा. विमानतळावर तपासणीवाल्याने तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला होता. मी खुणेने सांगितलं, मसाला वाटायचा आहे. त्याने दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "मजनूना" म्हणाला, म्हणजे वेडी, आणि "यल्ला" म्हणून पुढे हाकललं. त्या माणसाची पारख चांगली होती असं आता म्हणावंसं वाटतं.

तर मी कौल लावायला लागले. गुरव मीच, मानकरी मीच. शेवंती-जास्वंद कुठून आणणार, म्हणून कंपाउंडच्या भिंतीवरच्या बोगनवेलीच्या पाकळ्या. दार लावून घ्यायचं, मधल्या खोलीतल्या स्टुलावर दगड ठेवायचा, पाणी लावून दोन बाजूंना दोन पाकळ्या चिकटवायच्या आणि दबक्या आवाजात गाऱ्हाणं सुरू. "बा देवा म्हाराजा, तुजां ह्यां चेडू परमुलखात इलां हा. घोवाच्या रगतात इगीन इलां हा. औषदपाणी आताच सुरू करूचां काय, तां उजव्या-डाव्यान सांग रे म्हाराजा!" म्हणजे, तुझी ही लेक परमुलखात आलीय, नवऱ्याच्या रक्तात विघ्न आलंय, उपचार आताच करायचे का ते सांग. मग आवाज बदलून मीच म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" आणि काय सांगू, उजवी पाकळी पडायची. एप्रिलमध्ये पडली, जूनमध्ये पडली. खात्री करून घ्यावी म्हणून एका दुपारी मी सात वेळा कौल लावला, सातही वेळा उजवी. देवाने इतकं ठणकावून सांगितलेलं गावात कुणाच्या बापजन्मात घडलं नसेल. मी यांच्यापुढे जाऊन उभी राहायचे. "देवाने पुन्हा उजवा दिलाय. आता तरी डॉक्टरांना सांगा, उपचार सुरू करा म्हणून." हे चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "अगो, देवाला म्हणावं डॉक्टरांचा फोन नंबर घे. परस्पर बोलून घ्या दोघं." मी दोन दोन दिवस बोलायचे नाही. त्यावर यांनी कधी तक्रार केल्याचं आठवत नाही.

जुलैच्या रक्ततपासणीला मी सोबत गेले होते. एप्रिलचा आकडा ठीक होता, पण माझा जीव नुसता टांगलेला. आणि हे बसले होते लॅबच्या दाराशी कान टवकारून. आत कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. एकदम उठले आणि सरळ आत गेले. आतले तंत्रज्ञ सुदानचे, उंच, केस पिकायला आलेले, फार अदबीने बोलणारे. हे त्यांना म्हणाले, "तुमच्या डीप फ्रीजचा आवाज बरा नाही. कॉम्प्रेसर आठवडाभर टिकला तर नशीब. आत काही मोलाचं असेल तर आजच हलवा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा." नंतर कागदावर कुठला भाग लागेल तेही लिहून दिलं. अर्धा तास त्यात गेला. मी बाहेर येऊन असा आवाज चढवला की बाकड्यावरच्या बाया बघायला लागल्या. "आपण तुमचं रक्त बघायला आलोय की त्यांचा फ्रीज? स्वतःच्या अंगात काय खराब झालंय ते सोडून जगाची यंत्रं दुरुस्त करत हिंडा!" हे एवढंच म्हणाले, "आवाज येत होता ना पण." ते वाक्य तेव्हा मला मूर्खपणाचं वाटलं होतं. आता ते मला एखाद्या मंत्रासारखं आठवतं.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये कुवेत शत्रूच्या हाती गेलं आणि सगळ्यांचीच घडी विसकटली. ओळखीची माणसं इकामे म्हणजे राहण्याचे परवाने आणि पासपोर्ट हातात घेऊन, जायची परवानगी मागायला कफीलाच्या, म्हणजे जामीन राहिलेल्या मालकाच्या, दारात उभी राहायला लागली, कुणी मुलांना गावी पाठवलं, कुणी कपबशांसकट सामान वाटून टाकलं. मी जायचं नाव काढलं नाही, कारण यांचं रक्त इथल्या वहीत होतं आणि दुग्धशाळा यांना सोडणार नव्हती. गाईंना युद्ध कळत नाही, त्या वेळेवर दूध देतातच. ऑक्टोबरचा आकडा जुलैच्या आसपासच आला, साडेतीनच्या वर थोडासा. डॉक्टर म्हणाले, छान. डिसेंबरात ते बायकामुलांना पोचवायला नागपूरला गेले, "आठ दिवसांत येतो वहिनी" म्हणून गेले, आणि विमानंच अडकली. त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर आले, इजिप्तचे, तरुण, भला माणूस पण डोक्यावर दुप्पट कामाचा बोजा. जानेवारीत यांचं रक्त दिलं आणि त्याच आठवड्यात युद्ध सुरू झालं.

भोंगे, खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल, हे सगळं लोकांनी तेव्हा टीव्हीवर पाहिलंच असेल. यांच्या कंपनीने आम्हाला दोन मुखवटे दिले होते, विषारी वायूसाठी. मधली खोली आम्ही बंद केली, तिच्या एसीवरसुद्धा जाड प्लॅस्टिक लावून चारी बाजूंनी पट्ट्या मारल्या. या धांदलीत रिपोर्ट आला. आकडा साडेसहाच्या वर. तीन महिन्यांत जवळजवळ दुप्पट. नव्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "आता थांबता येणार नाही. ज्या इस्पितळात किरणांचा उपचार होतो तिथल्या खाटा युद्धासाठी राखून ठेवल्या आहेत. इथे आपण ऑपरेशन करू शकतो. ज्या ग्रंथींतून पुरुषी हार्मोन तयार होतं त्या दोन्ही काढायच्या. साधं ऑपरेशन आहे. चार दिवसांनी या." हे छप्पन्न वर्षांचे होते. काय काढणार आणि त्यानंतर काय काय जाणार, अंगातला जोर जाईल, हाडं ठिसूळ होतील, नवराबायकोतलं जे उरलंय तेही जाईल, हे सगळं त्या सज्जन माणसाने खाली बघत सांगितलं. या वयात मला हे लिहायला लाज वाटत नाही, पण तेव्हा मी पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत बसले होते.

आम्ही घरी निघालो. रस्ते ओस. मी आठ महिने ज्याच्यासाठी देवाला, यांना, डॉक्टरांना छळलं, ते आता माझ्या ओंजळीत पडलं होतं आणि मला ते नको होतं. चहा झाल्यावर हे म्हणाले, "मला ठरवता येत नाही. आकडा खरा असेल तर थांबणं मूर्खपणाचं. पण माझं मन घेत नाही. इतके दिवस तू सांगत होतीस आणि मी हसत होतो. आता तू ठरव. तुझ्या देवाला विचार हवं तर." त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. मला ती हवी होती. थट्टा असती तर मी भांडले असते, आणि भांडताना मला भीती वाटत नाही.

तिन्हीसांजेला मी त्या बंद खोलीत दगड ठेवला. थंडी पडल्यापासून कौल लावला नव्हता. पाकळ्या चिकटवल्या आणि तोंड उघडणार तोच भोंगा झाला. हे धावत आत आले, दाराला टॉवेल लावला, मुखवटा मला चढवला, स्वतःला चढवला. मी तरीही गाऱ्हाणं घातलं. मुखवट्यातून माझं "व्हय म्हाराजा" असं आलं, जशी म्हैस डोहात बुडून रेकतेय. पाकळी हलली नाही. मी पुन्हा म्हटलं. बाहेर कुठेतरी धम्म झालं, खिडकीची काच थरथरली, स्टूलही थरथरलं. पाकळ्या आपल्या जागी. उजवी नाही, डावी नाही. सगळं शांत झाल्याचा भोंगा झाला तेव्हा त्या दगडावर वाळून अशा बसल्या होत्या की नखाने काढाव्या लागल्या असत्या. मी मुखवटा ओरबाडून काढला आणि रडायला लागले. "आठ महिने बोलत होता, आजच कसा मुका झाला हो हा!"

यांनी आपला मुखवटा काढला आणि घाम पुसला. मग एसीवरच्या प्लॅस्टिककडे बोट केलं. "अगो, बोलत होता तो हा. तू स्टूल नेहमी याच्या डाव्या अंगाला ठेवतेस. सगळा झोत उजव्या पाकळीवर. बोगनवेलीची पाकळी म्हणजे कागद, पाणी वाळलं की उडाली. आठ महिने तुझ्या देवाच्या वतीने माझा एसी कौल देत होता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"कूलिंगचा इंजिनियर आहे मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तेवढाच तुला आधार होता. तो काढून घेऊन तुला काय देणार होतो मी?"

मला राग यायला हवा होता, पण हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू. सात वेळा कौल लावणारी ती बाई मला त्या क्षणी पहिल्यांदा बाहेरून दिसली. तिने देवाला काही विचारलंच नव्हतं कधी. स्वतःच्या भीतीवर त्याची सही घ्यायला ती जात होती. मी दगडापुढे डोकं टेकलं. गाऱ्हाणं सुचेना, मालवणी सुचेना. एवढंच म्हटलं, "मला कळत नाही. तुला कळतं. आता तू बघ." आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न न विचारता मी त्याच्यापुढून उठले. मन शांत झालं असं सांगितलं तर खोटं होईल. नुसतं दमून हलकं झालं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही इस्पितळात गेलो. जे व्हायचं ते होऊ दे, डॉक्टरांचं ऐकायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. ऑपरेशनच्या आधीचं रक्त द्यायला लॅबमध्ये शिरलो तर तेच सुदानी गृहस्थ. यांना बघून त्यांचा चेहरा फुलला. "या मुहन्दिस! इंजिनियरसाहेब! तुमचा फ्रीज अजून चालतोय!" नंतर त्यांनी हातातली चिठ्ठी वाचली आणि चेहरा बदलला. कशाचं ऑपरेशन, का, असं त्यांनी हळूच विचारलं. यांनी आकडा सांगितला. ते थबकले. इंग्रजीत अरबी मिसळत ते म्हणाले, ते मी इथे आपल्या भाषेत देते. "पण हा आकडा तपासणीच्या नव्या किटचा आहे. जुनं किट विमानाने यायचं, ते बंद झालं. डिसेंबरपासून दुसऱ्या कंपनीचं वापरतोय. त्याचं माप वेगळं. माझ्याकडे सगळ्यांचेच आकडे वर जातायत. मी तशी चिठ्ठी वर पाठवली होती." चिठ्ठी कुठे गेली कोण जाणे. त्या दिवसांत माणसं हरवत होती, चिठ्ठीचं काय.

मी विचारलं, मग खरा आकडा कळणार कसा? ते म्हणाले, "जुनं रक्त आणि नवं रक्त एकाच किटने मोजायचं. तुलनेसाठी म्हणून मी थोडे जुने नमुने गोठवून ठेवलेत. तुमचं ऑक्टोबरचं आहे का बघतो." आत गेले आणि दोन बोटांत एक इवलीशी नळी धरून आले, बर्फाने पांढरी झालेली. यांच्याकडे बघून म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं, त्याच संध्याकाळी दुरुस्तीवाला आला. कॉम्प्रेसर जळायच्या बेतात होता. नाहीतर ऑक्टोबरात काही ठेवायला माझ्याकडे फ्रीजच उरला नसता."

यांनी पुढे वाकून नळीवरचं आपलं नाव वाचलं. जुलैत बाकड्यांसमोर ओरडणारा माझा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

तरुण डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "दोन दिवसांनी काही बिघडत नाही," म्हणाले, "आधी हे कळू दे." दोन दिवसांनी पुन्हा गेलो. ऑक्टोबरचं रक्त नव्या किटवर साडेसहाच्या वर. जानेवारीचंही तेवढंच. आकडा चढला नव्हता, नुसती पट्टी बदलली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद आमच्यासमोर घडी करून खणात टाकला आणि म्हणाले, "खलास, विषय संपला. तीन महिन्यांनी या." साप झोपलेलाच होता. यांनी लॅबमध्ये जाऊन त्या गृहस्थांचा हात दोन्ही हातांत धरला. मी लांबून हात जोडले. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवून मान लववली आणि वर बोट केलं. त्यांचा देव वेगळ्या नावाचा, पण बोट त्याच दिशेला. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. एप्रिलमध्ये मिठाई घेऊन गेले तेव्हा कळलं, ते गावी परतलेत.

पुढे चार वर्षं आम्ही तसेच थांबलो. एकाच मापाने, दर तीन महिन्यांनी. मग आकडा खरोखर चढायला लागला, लागोपाठ तीनदा. तोवर आम्ही देशात परत आलो होतो. तेव्हा कौल लावला नाही, आरडाओरडही केली नाही. नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "वहिनी, आता काठी उचलूया." किरणांचा उपचार झाला, यांना तो झेपला. त्यानंतर हे एकोणीस वर्षं जगले. शेजाऱ्यांच्या फ्रीजचे आवाज ऐकत, बोलावलं नसताना आत शिरत. गेले ते दुसऱ्याच आजाराने, म्हातारे होऊन, डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसे.

त्या तंत्रज्ञाला देवाने पाठवलं का, असं नात मला विचारते. मला ठाऊक नाही. मला एवढंच दिसतं की ज्या अर्ध्या तासासाठी मी यांना चारचौघांत झापलं, तोच अर्धा तास बर्फात गोठून आमची वाट बघत होता. मी उजवं-डावं मागत होते, देवाने दोन्हींतलं एकही दिलं नाही. थांब म्हणणं हेही उत्तर असतं, हे मला पाकळी न पडल्यामुळे शिकता आलं. आणि सोपवणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हे यांच्याकडून. कुठे आवाज येत असेल तर उठून बघायचं, बाकीचं त्याच्यावर सोडायचं.

तो काळा दगड अजून माझ्याकडे आहे, आता उजळ माथ्याने देव्हाऱ्यात बसतो. रोज सकाळी त्याच्यावर एक पाकळी ठेवते. काही विचारत नाही, फक्त हात जोडते. पण त्याआधी उठून पंखा बंद करते. देवावर माझा भरवसा आहे. वाऱ्यावर अजून बसलेला नाही.